डोणगावचा सहावा स्पीकर

भूतबाधा, करणी, अंगात येणं... असल्या गोष्टी ऐकल्या की मला आधी हसू येतं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. कुठून आवाज आला तर मी वायर शोधतो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय, पण ती भुताची नाही.

मेहकरला माझं होम थिएटरचं दुकान आहे. डोणगावच्या भाऊसाहेबांनी बोलावलं होतं. त्यांचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं मोठं दुकान, वर शंभर एकर शेती. दुकानामागचं जुनं गोडाऊन मोकळं करून तिथे थिएटर करायचं होतं. सगळे स्पीकर चालवणारा रिसीव्हर कोणता घ्यावा ठरत नव्हतं, म्हणून मी दोन कंपन्यांचे दोन नेले. दोन्हीत ऑटो सेटिंग असतं... खुर्चीच्या जागी छोटा माइक ठेवायचा, मशीन एकेका स्पीकरमधून आवाज सोडतं आणि कोण किती फुटांवर आहे ते सांगतं.

स्पीकर पाच जोडले होते. पहिल्या मशीनने सहा दाखवले! सहावा मागे, अकरा फुटांवर. त्या जागेपर्यंत वायरच नव्हती. म्हटलं, बिघडलंय. दुसरं लावलं. तेही सहा, अकरा फूट. माइक तीन फूट मागे सरकवला, तर दोन्ही मशीनवर आठ. मोजायचा टेप लावून पाहिला. टेप जाऊन टेकला तो मागच्या बंद शटरला. तिथे शटरवर ठोकलेल्या प्लायवूडशिवाय काही नव्हतं.

मी हे भाऊसाहेबांना सांगत होतो तेव्हा कांताबाई चहा घेऊन दारात उभी होती. ही त्यांच्या घरी भांडी घासते. तिचा नवरा देविदास त्यांच्याच कपाशीवर फवारणी करायचा. बीटी बियाणं असूनही बोंडअळीने बोंडं पोखरली, त्या साली औषधावर औषध मिसळून मारत होते. त्यातच विषबाधा होऊन तो वारला.

तिने ट्रे खाली ठेवला. मला म्हणाली, "दादा, भाऊसाहेबानं मले सांगतलं का गाडीत घातल्याबरोबर गेला, काही तरास झाला नाई. फवारणीवाले म्हणत व्हते, दुकानात गिऱ्हाईक व्हतं म्हणून त्याले मांगं शटरापाशी टाकलं. दिवस बुडेपर्यंत शटर वाजवत व्हता म्हणे. आता तुमची मशीन काय म्हणते?"

भाऊसाहेब मोबाईलमध्ये बघत होते. मान वर न करता म्हणाले, "सांग ना बे तिले. मशीन चुकली म्हण."

त्यांच्या भावाच्या बंगल्याचं कामही मलाच मिळणार होतं. मी म्हणालो, मशीन चुकली बाई. नवीन आहे.

"दोन्ही?"

"हो, दोन्ही."

"दोन येगळ्या मशिना एकाच जाग्यावर चुकतेत?"

मी हो म्हणालो. ती "बरं" म्हणून कप उचलून गेली.

तिच्या पाठीमागे मी सहावा स्पीकर सेटिंगमधून बंद केला. पुढे दोन्ही रिसीव्हर दुकानात आणून पंचवीसेक वेळा तपासले, कंपनीच्या माणसालाही दाखवले. कुठेही दोष निघाला नाही. तिथे काय मोजलं गेलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण मशीन चुकली नव्हती, एवढं मला त्याच दुपारी माहीत होतं.