नाही म्हणायची तालीम

सर्व नळधारक नागरिकांस अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की, गेली कित्येक वर्षं आपण रोज सकाळी ज्या पाण्याने चूळ भरलीत, ते पाणी आपल्याआधी मी पाहिलेलं आहे. नुसतं पाहिलेलं नाही. त्यातून म्हशी हाकलल्या आहेत, त्यात डुंबायला उतरलेल्या सहलवाल्यांना शिट्टी मारून बाहेर काढलं आहे, आणि त्याच्या काठावर टमरेलं घेऊन बसलेली एक अख्खी क्रिकेट टीम बॅटपॅडसह पळवून लावली आहे. आपल्या शहराने मला कधी पाहिलं नाही, त्याबद्दल तक्रार नाही.

मी पाणलोटाचा रखवालदार होतो. कागदावर ‘रक्षक’, वाडीवर ‘गारड’. पेण आणि रोह्याच्या मधल्या डोंगरात एक धरण आहे, त्याचं पाणी पाइपातून दूरच्या शहराला जातं. त्या धरणात येणारे ओढे स्वच्छ ठेवायचे, हे माझं काम. घर रोह्याजवळच्या अष्टमी गावात. खांब गावापर्यंत हायवेने मोटारसायकल, पुढे डोंगरात कच्चा रस्ता, आणि मग पायी. खाकी शर्ट, काठी, शिट्टी आणि नोंदवही. गावच्या उत्सवातल्या नाटकात मी वीस वर्षं यमराज करत आलो, त्यामुळे डोंगरात कर्ण्याची गरज पडली नाही. ओढ्याच्या या काठावरून मी ‘कोण आहे रे तिकडे’ म्हटलं की त्या काठावरची माणसं कपडे न घालताच पळत.

नोंदवहीत दर महिन्याला एक रकाना भरावा लागे: धरणाच्या वर ओढ्याच्या पाण्याचा मानवी वापर आहे काय? मी सुवाच्य अक्षरात ‘नाही’ लिहायचो. लिहून झालं की वाडीवर जाऊन त्याच ओढ्याच्या पाण्याचा चहा प्यायचो.

वाडी कातकऱ्यांची, पाचपन्नास माणसांची. त्यांची बोअरिंग खाली, अर्ध्या तासाच्या उतारावर, आणि ती दोन उन्हाळ्यांपासून कोरडी. म्हणून बाया ओढ्याच्या वाळूत डवरा खणायच्या. डवरा म्हणजे हातभर खड्डा. त्यात पाणी झिरपत येतं, ते वाटीने हंड्यात भरत बसायचं. नियमाने त्याला बंदी. साहेबांना कळलं असतं तर डवरा बुजवला असता, वाटेवर तार ठोकली असती आणि एक पाटी लावली असती. पाटी वाचायला वाडीत कोणी नव्हतं, आणि तारेपलीकडे प्यायला काही नव्हतं. म्हणून माझं ‘नाही’.

चहा करायची ती एक म्हातारी. मी तिला मावशे म्हणायचो. तोंडात तीनच दात, पण शिव्या बत्तीस दातांच्या. एकदा साहेबांची जीप येणार अशी खबर लागली, तेव्हा मी वाडीतल्या बायांची तालीम घ्यायचं ठरवलं. छत्री काखेत मारली, पोट पुढे काढलं आणि साहेब झालो.

“काय गो बायांनो, तुम्ही या ओढ्याचं पाणी पिता काय?”

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मावशी पुढे आली. “नाय साहेब. आमी त्या पान्याला हात बी लावत नाय. आमी खालच्या बोअरिंगचं आनतो.”

“शाब्बास.”

“बोअरिंग तर सुकलीय दोन सालं.”

“ते सांगायचं नाही, मावशे.”

“खरं हाय ते.”

“खरं आहे म्हणूनच सांगायचं नाही.”

तिने डोकं हलवलं. “आन् साहेब असा हसत असतो काय रे? जरा रागानं बघ. मला कळंल तरी कुनाशी बोलतेय.”

मग मी रागाने बघितलं. तिने वाक्य म्हटलं, वर मान झटकली, आणि शेवटी पदरचं जोडलं, “आमची शेळी बी पीत नाय.” हे तिचं स्वतःचं. इतकं झकास बसलं की मी ते नाटकात ठेवलं. त्या दिवशी साहेब आले, त्यांनी विचारलं, तिने म्हटलं, शेळीसकट. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर जेव्हा जेव्हा मी चहाला जायचो, तेव्हा ती आधी वाक्य म्हणून दाखवायची आणि मग आधण ठेवायची. आमचा नमस्कारच झाला होता तो.

त्या वैशाखात वाडी रिकामी होती. सगळी वीटभट्ट्यांवर गेलेली, पाऊस पडल्यावर परतायची. मावशी गुडघ्यांमुळे मागे राहिली. ती आणि शेळी.

सकाळी ओढ्याच्या वरच्या टप्प्यावर पोचलो तेव्हा आधी वास आला, डोळ्यांना झोंबणारा. पाण्यावर पिवळसर फेस, आणि दगडांच्या खाचांतून पोट वर केलेले मासे. घाटरस्त्याच्या वळणावर मोठ्या चाकांच्या खुणा होत्या. कोणीतरी रसायनाचा टँकर आणून तिथे रिकामा करून गेलं होतं. मी पंपघराला फोन केला. शहराचा व्हॉल्व्ह बंद झाला. तुमचं पाणी त्या दिवशी गेलं आणि तुम्ही चिडलात, ते याच्यासाठी.

साहेब तासाभरात आले, बरोबर फोटोवाला आणि नमुन्याच्या बाटल्या. उतरताच त्यांनी विचारलं, “इथून धरणापर्यंत मधे कोणी हे पाणी वापरतं काय?”

आता मी काय सांगतो ते नीट ऐका, कारण मला ते रोज ऐकू येतं. माझ्या तोंडातून “नाही साहेब” आलं. विचार करून नाही. रकाना भरावा तसं. साहेबांनी लिहून घेतलं. मग मला वाटलं, आत्ता जातो, पाच मिनिटांत सटकतो आणि म्हातारीला सांगून येतो, डवऱ्याकडे फिरकू नको. पण पंचनामा सुरू झाला. मी काठीने दाखवत होतो, कुठे फेस, कुठे चाकं, कुठे मासे. फोटोवाला म्हणाला, जरा असे उभे रहा. मी उभा राहिलो. माझा आवाज डोंगरावर आपटून परत येत होता आणि खरं सांगायचं तर मला तो आवडत होता. त्यात दुपार झाली.

वाडीकडे धावलो तेव्हा डवऱ्यापाशी शेळी आडवी पडली होती. पाय ताठ. वाटी पाण्यावर तरंगत होती.

मावशी झोपडीत भुईवर, ओकून ओकून कोरडी झालेली. मी तिला उचललं. इतकं हलकं माणूस मी आधी उचललं नव्हतं. जीपपर्यंत आणली तेव्हा साहेब म्हणाले, “ही कुठली?”

“वाडीतली, साहेब. ऊन लागलं असेल.”

हे दुसऱ्यांदा. पहिलं तोंडातून निसटलं होतं. हे मी ठरवून बोललो. नोकरी, नोंदवही, इतक्या महिन्यांचं सुवाच्य ‘नाही’, सगळं त्या जीपच्या मागच्या बाकावर आमच्याबरोबर बसलं होतं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिने सलाइन लावलं. डोळे बघितले, नाडी बघितली आणि तिला काहीतरी पटेना. “आजी, काय खाल्लं? पाणी कुठलं प्यालात?”

साहेब खाटेच्या पायथ्याशी उभे होते. मी उशाशी. मावशीने डोळे उघडले, साहेबांना बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. तो चेहरा मला ओळखीचा होता. पडदा वर गेल्यावर होतो तसा.

“आमी त्या पान्याला हात बी लावत नाय,” ती म्हणाली. “खालच्या बोअरिंगचं आनतो.”

डॉक्टरणीने पुन्हा विचारलं. हिने पुन्हा तेच म्हटलं, मधे थांबून थांबून, श्वास घेऊन, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मी तिची उशी सारखी करत राहिलो. डॉक्टरणीने उन्हाळी जुलाब समजून नर्सला गोळ्या सांगितल्या.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे शेवट मावशीकडे ठेवता येईल. तिला संध्याकाळी अलिबागला हलवलं आणि चौथ्या दिवशी ती गेली. आधी कळलं असतं तर वाचली असती काय, हे मी डॉक्टरणीला विचारलं. ती पुढच्या खाटेकडे वळली, आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. टँकर कोणाचा ते कळलं नाही. डवरा बुजवला, तार ठोकली, पाटी लागली. वाडीला आता आठवड्यातून दोनदा पाणी येतं, टँकरने. माझा डोंगर गेला. मी धरमतरच्या बाजूला एका पंपघरात बसतो, खाडीचा वास घेत. या वर्षी यमराज दुसऱ्याला दिला.

तर खाटेपाशी. डॉक्टरीण तिसऱ्यांदा वळली. “आजी, नक्की ना?” मावशीने तोंड उघडलं आणि शब्द आले नाहीत. तिने माझ्याकडे बघितलं. मागून वाक्य सांगायला हवं तेव्हा नट विंगेत बघतात, तसं. आणि वाक्य मलाच पाठ होतं.

“प्यालीय,” मी म्हणालो. आवाज मोठाच निघाला, अख्खा वॉर्ड वळला. “ओढ्याचं प्यालीय, डॉक्टर. रोज पिते. मी पण पितो. नाही म्हणायला मीच शिकवलंय तिला.”

साहेबांच्या हातातली वही खाली आली. डॉक्टरीण नर्सला हाक मारत धावली. मावशीने उशीवरची मान कष्टाने माझ्याकडे फिरवली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली:

“मधीच कशाला बोललास रे, शेळीचं म्हनायचं राहिलं ना माझं.”