धुळवडीच्या दिवशी गाडी कोण चालवत होतं?

ती धुळवड मी विसरू शकत नाही. गुन्हा तसा मोठा नव्हता. ना खून, ना दरोडा. पण हसू आणि भीती एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलेली मी माझ्या नोकरीत पुन्हा पाहिली नाही. नावं कोणाचीच लिहीत नाही.

दिल्लीच्या द्वारका भागात तेव्हा नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या. रस्ते रुंद होते, वर्दळ कमी होती, आणि ज्याला जमेल तो हप्त्यावर गाडी घेत होता. मी तिथल्या ठाण्यात उपनिरीक्षक होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कायद्याचं पुस्तक मी नोकरीतही परीक्षा असल्यासारखं, भीत भीतच वाचायचो.

दुपारी उसाच्या रसाची गाडी लावणारा एक माणूस धावत ठाण्यात आला.

"जनाब, मेरी रेहड़ी तोड़ दी! नई सफेद गाड़ी थी, दो जने थे."

"चला कौन रहा था?"

"कैसे बताऊँ? दोनों के मुँह पर चाँदी वाला रंग पुता था. पर चलाने वाला उतरके हँसे जा रहा था. मैं रो रहा हूँ और वो हँस रहा है!"

गाडी जवळच, दुभाजकाला टेकून उभी होती. दोघांना ठाण्यात आणलं. एक निवृत्त सुभेदार, आमच्याच सातारा भागातले. दुसरा त्यांच्या शेजारचा तरुण, दिल्लीतच वाढलेला मराठी मुलगा. दोघांचे चेहरे भांड्यासारखे चकाकत होते.

सुभेदार ताठ उभे राहिले. "साहेब, गाडी माझी, लायसन्स माझं. चालवत होतो मीच."

"मग हा का हसतोय?"

"त्याचा स्वभावच तसा आहे."

मुलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून हसू फुटत होतं. "साहेब, मला हसायचं नाहीये," तो म्हणाला. "आई शपथ, बिल्कुल नाहीये." आणि पुन्हा फिस्सकन हसला.

दोघांनाही यंत्रात फुंकायला लावलं. दोघांचाही आकडा शून्य. सुभेदारांना धीर आला.

"बघा! दारू नाही. म्हणजे केसच नाही ना?"

"काका, हे यंत्र दारू ओळखतं, भांग नाही. सोसायटीत थंडाई होती का?"

बाकावरून मुलगा म्हणाला, "होती. फार मस्त होती."

"भांग घेऊन गाडीवर ताबा राहिला नाही, तर तोही गुन्हाच," मी सांगितलं. "फक्त त्यासाठी डॉक्टर लागतो. आणि अटक केली की दोन तासांच्या आत तपासणी करावी लागते."

कुणाला अटक करायची, हेच तर कळत नव्हतं. रसवाल्याने दोघांना तीनतीनदा पाहिलं आणि हात जोडले. तो हसतो म्हणून तोच, असं कोर्टात सांगता येत नाही.

म्हणून मी गाडी पाहायला गेलो. नव्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, ही इकडची रीतच. ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीला, त्या प्लॅस्टिकवर, दोन हिरवे पंजे उमटले होते. शेजारची सीट स्वच्छ. परत येऊन मी दोघांना पाठमोरं उभं केलं. सुभेदारांचा सदरा मागून कोरडा, पांढरा. त्यांच्या पाठीवर थाप मारायची सोसायटीत कुणाची छाती होणार? मुलाच्या पाठीवर मात्र दोन ओले हिरवे पंजे होते.

तेवढ्यात मुलाची आई आली, हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन. "भाऊ, याला आधी हे चाटवू द्या. उतरेल."

आमचा हवालदार हरियाणाचा. त्याने बरणीवर हात ठेवला. "माताजी, थाने में बैठके सबूत मिटाओगी?"

मी पाठीकडे बोट दाखवून विचारलं, "हा रंग कुणी लावला?"

"मीच की! मघाशी हा निघताना, दोन्ही हातांनी," आई कौतुकाने म्हणाली. मग तिने सुभेदारांचा चेहरा पाहिला. "काय झालं हो भाऊजी?"

सुभेदार खाली बसले. "वहिनी, संपलं. साहेब, आता खरं सांगतो. जिलब्या आणायला निघालो होतो, हा म्हणाला मी चालवतो, मी किल्ली दिली. याला सरकारी नोकरी लागलीय. पोलीस पडताळणी व्हायचीय. माझी पेन्शन चालू आहे, माझं काय बिघडणार? त्याच्या घरात शिकलेला हा पहिलाच."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. पण सवलत देणं माझ्या हातात नव्हतं. हातात होतं ते एवढंच, की कायदा नीट समजावून सांगावा.

आई आणि सुभेदारांकडून प्रश्नांची सरबत्ती झाली. रात्रभर कोठडीत ठेवणार? नाही, गुन्हा जामीनपात्र आहे, तपासणी झाली की जामिनावर घरी. तपासणीला नाही म्हटलं तर? ते त्याच्याच विरोधात जाईल. वकील? हवा तर करा, तो त्याचा हक्क आहे. शिक्षा? पहिलीच वेळ आहे, बहुधा दंड; पण ते कोर्ट ठरवील. "आणि काका, ड्रायव्हर म्हणून खोटं नाव देणं हा मात्र वेगळा गुन्हा झाला असता. तुमचाही आणि त्याचाही. वेळेत खरं बोललात."

"आणि पडताळणीत? अटक झाली होती का, असं विचारतील," आई म्हणाली.

"हो म्हणून लिहायचं."

"मग नोकरी राहील?"

मला ठाऊक नव्हतं. तसंच सांगितलं. "लपवलं आणि सापडलं, तर जवळजवळ नक्कीच जाईल. लिहिलं, तर राहण्याची आशा आहे."

मुलगा आता हसत नव्हता. "लिहितो," तो म्हणाला.

डॉक्टरांनी तपासलं, नमुने घेतले. सुभेदारच जामीन राहिले. दुसऱ्या दिवशी मुलगा रसवाल्याकडे गेला आणि नवं चाक स्वतः बसवून आला. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला. मग कित्येक आठवडे काहीच कळलं नाही. सुभेदार अधूनमधून ठाण्यात डोकावायचे आणि काही न विचारता चहा पिऊन जायचे.

एके दिवशी मुलगाच आला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. तिथल्या साहेबांनी त्याला बोलावून सगळी हकीकत विचारली होती.

"मी सांगितली. पंजांचं पण सांगितलं. मग साहेबच इतके हसले, यार... सॉरी, सर!"

हवालदार म्हणाला, "देखा जनाब? अब भाँग उनको चढ़ गई."

त्यानंतर असा कुणी ठाण्यात आला, की मी आधी त्याच्या घरच्यांना बसवून जामीन, डॉक्टर आणि कोर्ट समजावून सांगू लागलो, मगच प्रश्न विचारायचो. माणसं बहुतेक वेळा शिक्षेपेक्षा न कळणाऱ्या गोष्टीला जास्त घाबरतात, आणि त्या घाबरण्यात मूळ चुकीहून मोठी चूक करून बसतात. पुढे काय होणार हे कळलं, की पुष्कळ जण आपण होऊन खरं बोलतात. माझा तपासही त्यामुळे लवकर संपू लागला, हे कबूल करायला हवं.