बर्फावर पाठ लागली तेव्हा

माझी नात पाठीवर आपटली आणि बर्फावरून घसरत पार कडेच्या फळीला जाऊन थडकली. तो आवाज फोनमधून इथं तासगावात, आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये ऐकू आला. बेदाणा निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. परदेशात बर्फावरच्या स्केटिंगची मोठी स्पर्धा होती, ती आम्ही फोनवर थेट बघत होतो. देशोदेशीच्या पोरी उतरल्या होत्या, आणि आज चांगलं झालं तरच शेवटच्या फेरीत जागा मिळणार होती.

आमचा म्हातारा जुना पैलवान. "पाठ लागली. संपली कुस्ती," म्हणाला आणि उठून बाहेर गेला. मिरजेला त्याच्या छातीचं ऑपरेशन झालंय, म्हणून मला नातीपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटली.

तेवढ्यात पोरगी उठली. गाणं चालूच होतं, ती परत गिरक्या घ्यायला लागली. मी दारातून हाक मारली, "आवं, या आत. हितं पाठ लागली तरी खेळ संपत न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"ती नाचतीया, बघा की."

त्यानं आत येऊन शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाला, "आमच्या टायमाला असा नियम असता, तर मी एकबी कुस्ती हरलो नसतो."

"मग आजूनबी आखाड्यातच पडून उठत बसला असता," मी म्हणाले. बाया पोट धरून हसल्या.

निकाल लागला. शेवटच्या फेरीत जाणाऱ्यांत नातीचं नाव सगळ्यात खाली होतं, पण होतं. म्हाताऱ्यानं सगळ्यांना मूठ मूठ बेदाणा वाटला.

नातीची पाठ तेवढी काळीनिळी झाली. ती, म्हातारा आणि मी, तिघंही जिवंत आहोत.