‘अनाता’ म्हणायचं नाही

२०१६च्या सुमारास मी परदेशात, रिकार्टन उपनगराजवळच्या एका वृद्धाश्रमात केअरगिव्हर होते. तिथे एक जपानी गृहस्थ होते, निवृत्त इंजिनिअर. स्मृतिभ्रंशात आधी त्यांचं इंग्रजी गेलं, मग माणसांची ओळख जायला लागली.

आमच्याकडे सगळ्यांना पहिल्या नावानंच हाक मारायची पद्धत. विशीतल्या मुलींनी तशी हाक मारली की ते मान फिरवायचे. त्यांच्या बायकोनं विनंती केली, आडनावापुढे आदराचं ‘सान’ लावाल का? मुली ‘स्वीट ॲज’, म्हणजे ‘हो, चालेल’, म्हणाल्या आणि विसरल्या. मी लावायचे. माझ्या वडिलांना कुणी पोरीसोरींनी नावानं हाक मारलेली मलाही सोसली नसती. त्यावरून बाई माझ्याशी बोलू लागल्या.

ते बाईंना नुसत्या नावानं हाक मारायचे, त्या त्यांना ‘अनाता’ म्हणायच्या. आमचं ‘अहो’ तसंच, मी त्यांना सांगितलं.

एक दिवस त्यांनी बाईंना माहेरच्या आडनावानं हाक मारली, पुढे ‘सान’ लावून. लग्नाआधी दोघं एकाच ऑफिसात होती, तेव्हाची हाक. बाई हसल्या. पण सवयीनं ‘अनाता’ म्हणाल्या तसे ते कडाडलेच. परक्या बाईनं एवढी सलगी करावी? चहाचा कप त्यांनी दूर लोटला. तेव्हापासून बाईही त्यांना आडनावापुढे ‘सान’ लावू लागल्या. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवराबायको एकमेकांशी वाकून, जपून बोलत बसायची.

पुढे माहेरचं आडनावही गेलं. ते बाईंना ‘कांगोशी-सान’ म्हणू लागले, म्हणजे नर्सबाई.

एका दुपारी बाई खोलीतून लवकर बाहेर आल्या आणि कॉरिडॉरमधल्या खुर्चीत बसल्या. कोटाची बटणं वरखाली लागली होती. मी जवळ गेले.

“ते म्हणाले, फार वेळ थांबलात. घरी तुमचे यजमान वाट बघत असतील.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“हो म्हटलं. येते म्हटलं.”

त्याच हिवाळ्यात ते न्यूमोनियानं गेले. बाई शेवटपर्यंत उशाशी होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्यांचे स्वेटर घड्या करून बॅगेत भरत होतो, तेव्हा बाईंनी सांगितलं, शेवटी डोळे उघडून त्यांनी आपले आभार मानले होते. फार अदबीनं, बाहेरच्या माणसाचे मानतात तसे.

मी बॅगेची चेन लावली आणि ती त्यांच्या गाडीपर्यंत नेऊन दिली.