गच्चीवरचे पोहे आणि रिकामा डबा

मंडळी, आज सकाळी खांदेश्वरला पहिल्यांदा पंखा बंद करावासा वाटला. ऑक्टोबर हीट संपली एकदाची. छान कोवळं ऊन बघून मी दिवाळीच्या चिवड्याचे पातळ पोहे दरवर्षीसारखे गच्चीत चादरीवर पसरले आणि चहा प्यायला खाली आले.

तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या पोह्यांचा फोटो. खाली सेक्रेटरींनी लिहिलेलं, "गच्ची सगळ्यांची आहे. गावाकडच्या सवयी इथे नकोत." अकरा जणांनी अंगठे दिले. या अकराही घरांत माझा चिवडा जातो.

मी वर गेले. पोहे गोळा करून आणले.

दुपारी बेल वाजली. दारात सेक्रेटरींची बायको, हातात माझाच स्टीलचा डबा, गेल्या दिवाळीत चिवडा भरून दिलेला. म्हणाली, "वहिनी, यंदा तिखट जरा कमी टाका हां. पाहुणे येणारेत."

आमच्या साताऱ्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. हा वर्षाने आला, तोही रिकामा.

मी त्यात चिमूटभर साखर घातली आणि संध्याकाळी तिच्या घरी देऊन आले. गावाकडच्या सवयी अशा लगेच सुटतात का, तुम्हीच सांगा.