खबरबाईचा फोन

गॅस कंपनीत तिला सगळे खबरबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. शहरात जमिनीखालून घरोघर गॅस नेणाऱ्या नळ्यांचं कुठे बिनसलं, की सरकारच्या सुरक्षा खात्याला ते कळवायचं, हे तिचं काम. नियम असा, की आधी फोन करायचा आणि कारण मागाहून शोधायचं. माणसाचा स्वभाव नेमका उलटा. आधी कारण शोधू, मग ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधू आणि जमलंच तर कळवू. अशा माणसांत ही बाई इतकी वर्षं टिकली कशी, याचंच लोकांना नवल वाटे.

तिच्या धाकट्या भावाला मात्र त्यात नवल वाटत नव्हतं. त्याने हे लहानपणापासून भोगलं होतं. घरात काचेचं भांडं फुटलं, की बाबांना दिसायच्या आत ही जाऊन सांगून यायची. त्याने फोडलं असेल तर त्याचं नाव, हिने फोडलं असेल तर हिचं, आवाजात तिळमात्र फरक नाही. मार दोघांनी सारखाच खाल्ला, पण धाकट्याच्या लक्षात राहिला तो फक्त स्वतःचा. मोठेपणी तो त्याच कंपनीत नळ्या जोडायच्या कामाला लागला, तरी ताईच्या ऑफिसची पायरी कधी चढला नाही. "चुगल्या करायचा पगार घेते," असं तो खड्ड्यात उतरला की बाकीच्यांना सांगे, आणि सगळे हसत.

खड्ड्यात त्याचं नाव वादळ. काम उरकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. प्लास्टिकच्या दोन नळ्यांची तोंडं तापलेल्या तव्याला लावून वितळवायची, एकमेकांवर दाबायची आणि लोखंडी पकडीत आवळून गार होईपर्यंत गप्प बसायचं, एवढंच ते काम. त्यातलं गप्प बसणं सगळ्यात अवघड. रस्ता अडलेला, गाड्यांचे भोंगे कानाशी, पकड एकच आणि पुढच्या खड्ड्यातले लोक ती मागत उभे. मग वादळ जोडाला वरून बोट लावून बघे, "झालाय गार" म्हणे आणि पकड सोडून देई. वरून जोड कसा अगदी देखणा दिसायचा. आत काय शिजलंय आणि काय कच्चं राहिलंय, हे डोळ्यांना कळायची सोय नव्हती. शेजारी आपली पांढरी खूण करून तो पुढे निघायचा.

असा एक जोड परवा न्हाव्याच्या दुकानासमोर उकलला. वास आला तसं न्हाव्याने गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर काढलं, अख्खी गल्ली रिकामी झाली. कंपनीच्या माणसांनी येऊन नळी बंद केली, जोड कापून काढला, नवा बसवला. कुणाला ओरखडाही आला नाही. कापलेला जोड मात्र ऑफिसात टेबलावर आला, आणि त्याच्या शेजारी वादळाची खूण ठळक दिसत होती.

साहेब भला माणूस होता. जोड कुणाचा आणि तो कुणाचा भाऊ, हे त्याला माहीत होतं. "बाई," तो खबरबाईला म्हणाला, "कुणी जखमी नाही, नुकसान किरकोळ. कळवायची सक्ती नाही. फक्त ते एक कलम आहे, कंपनीला स्वतःला घटना गंभीर वाटली तर कळवावी. आता कंपनीला वाटणं म्हणजे तुम्हाला वाटणं. मी मध्ये बोलत नाही." आणि तो खरंच बोलला नाही.

म्हणजे सगळं तिच्यावर आलं. कळवलं तर चौकशी लागणार, धाकट्याचा परवाना जाणार आणि परवाना गेला की नोकरी गेलीच. नाही कळवलं तर झाकली मूठ सव्वा लाखाची. हे धाकट्याच्या कानावर गेलं. आई ताईकडेच राहायची, म्हणून संध्याकाळी तो तिथे गेला आणि आईजवळ रडून मोकळा झाला. ताई कामावरून आली तेव्हा तिला चप्पलही काढू न देता आई म्हणाली, "आयुष्यभर सांगत आलीस. आता एकदा गप्प बस. भाऊ आहे तुझा."

"बघते," ताई म्हणाली आणि तोंड धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने त्याला वर बोलावलं. पहिल्यांदाच तो त्या खोलीत शिरला आणि दारातच थबकला. समोर भिंतभर शहराचा नकाशा होता, आणि त्यावर गॅसच्या नळ्यांच्या पिवळ्या रेघा. जाड रेघेतून बारीक, बारकीतून केसाएवढी, प्रत्येक गल्लीत, प्रत्येक दारात. त्याने जन्मभर कंबरेएवढे खड्डे पाहिले होते, एका वेळी एक. ते सगळे असे एकमेकांना धरून आहेत, हजारो चुली एकाच श्वासावर चालतात, आणि मधूनमधून त्या श्वासाला आपला हात लागलाय, हे त्याने कधी मनातही आणलं नव्हतं. तो खुर्चीवर टेकला.

"तुझ्या माघारी फोन करायचा नव्हता, म्हणून बोलावलं," ताई म्हणाली आणि तिने नंबर फिरवला.

जागा, वेळ, काय झालं, ते तिने सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"हो, सक्तीत बसत नाही. मला गंभीर वाटतंय म्हणून कळवतेय," ती म्हणाली. "जोड वरून बिनचूक दिसतो, हीच भीती आहे. ज्याने हा लावला त्याने असे अजून किती लावलेत, ते मला माहीत नाही. आणि लिहून घ्या, तो माझा सख्खा भाऊ आहे. चौकशीत मला ठेवू नका."

काचेचं भांडं सांगतानाचाच आवाज होता तो. धाकटा तिच्याकडे बघत राहिला. हा आवाज आपला वैरी आहे असं त्याने जन्मभर मानलं होतं. आज पहिल्यांदा त्याला दिसलं, की या आवाजाच्या भरवशावर एवढं मोठं शहर बिनघोर काडी ओढतं. त्याला तिची भीती वाटली आणि तिचा अभिमानही वाटला.

"ताई, ठेवू नकोस फोन," तो म्हणाला. "मी सांगतो कुठे कुठे ते."

तिने नुसती मान हलवली. तो उठला आणि नकाशाजवळ गेला. शाळेच्या मागच्या भिंतीचा, दवाखान्याच्या फाटकाजवळचा, पुलाच्या अलीकडचा. घाईत पकड सोडलेला प्रत्येक जोड त्याला आठवत होता. आपण विसरलो नव्हतो, हे बोट ठेवताना त्याला कळत होतं, आणि त्याची त्याला जास्त लाज वाटत होती. ती एकेक जागा फोनवर सांगत गेली.

मग तो थांबला.

"अजून?" तिने विचारलं.

"तुझ्या दारातला," तो म्हणाला. "काल मी त्याच्यावरूनच चालत आलो. म्हटलं, इतकी वर्षं टिकलाय..."

ताईने क्षणभर डोळे मिटले. मग फोनवर आपला पत्ता सांगितला, घरनंबरासकट, आणि फोन ठेवून दुसरा उचलला. तो दुरुस्तीच्या गाडीचा होता. तिथेही तिने सगळ्या जागा सांगितल्या आणि शेवटी आपला पत्ता.

"या घरापासून सुरुवात करा," ती म्हणाली. आवाज तोच होता, फक्त थोडा सावकाश. "आधी गल्ली रिकामी करा. या घरात एक म्हातारी एकटी आहे. बेल वाजवू नका, ठिणगी पडते. दार ठोका. तिला कमी ऐकू येतं, जोरात ठोका."