सड्यावरचे सहा मीटर

आदरणीय सावंत सरांची आणि माझी पहिली भेट एसटीच्या मागच्या काचेतून झाली. मी आठवीत होते. शाळेकडे जाणारी गाडी सुटली म्हणून दप्तर छातीशी धरून धावत होते, आणि मागच्या सीटवर बसलेले सर मलाही ऐकू येईल एवढ्या मोठ्याने कंडक्टरला सांगत होते, "थांबवू नका हो, पोरगी बघा काय धावते!" धापा टाकत शाळेत पोचले, तर हे फाटकात उभे. "काय गो, पोचलीस ना?" असा संताप आला होता! तरी संध्याकाळी त्यांच्या धावण्याच्या सरावाला गेलेच.

रत्नागिरीच्या वेशीवरच्या आमच्या हायस्कुलाला मैदान नाही, मागे जांभ्या दगडाचा सपाट, उघडा सडा आहे. पावसाळा सरला की धावायची जागा साफ करताना पहिला दगड सर स्वतः उचलत, मग आम्ही. मुलीला पाठवायला घरचे तयार नसले, तर सर मिरकरवाड्यात जाळी शिवणाऱ्यांत जाऊन बसत आणि होकार घेतल्याशिवाय उठत नसत. त्या सड्यावरून मुली राज्य स्पर्धेपर्यंत गेल्या, हे मी छाती पुढे काढून सांगते.

दोनशे मीटरची फेरी आखायला माझ्या बाबांनी होडीवरचा जुना सुती दोर दिला होता. सरांनी उन्हात मोजून त्याला गाठी मारल्या होत्या. त्या वर्षी चारशे मीटरमध्ये मी शाळेचा विक्रम केला आणि व्हरांड्यातल्या फळ्यावर माझं नाव लागलं. जेवताना बाबांना ऐटीत सांगितलं, तर ते हसायलाच लागले. "अगो, आखणी केलीत तेव्हा पाऊस होता ना? भिजला की आखडतो तो दोर!"

मी चार दिवस गप्प बसले. पाचव्या दिवशी जिल्हा स्पर्धेचा अर्ज भरायचा होता. माझी वेळ लिहून खाली सर सही करणार होते. मग मात्र राहवेना. "सर, काल बाबा म्हणाले," असं म्हणून सांगून टाकलं.

सरांनी पोलादी टेप आणून फेरी मोजली. सहा मीटर कमी! दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ते साऱ्या शाळेपुढे म्हणाले, "आखणी मी केली, चूक माझी." स्वतःच्या हाताने त्यांनी विक्रम पुसला. आणि पुढे म्हणाले, "या मुलीने कळल्याबरोबर येऊन खरं सांगितलं. टाळ्या वाजवा." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

नव्या आखणीवर त्यांनी आठवडाभर माझा घाम काढला. जिल्ह्यात मी दुसरी आले, आणि सर पोरासारखे नाचले.

आज मी त्याच शाळेत खेळ शिकवते. माझ्या खरेपणाची ती गोष्ट सर अजून प्रत्येक समारंभात सांगतात, आणि मी प्रत्येक वेळी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो. कसला विनय! "काल" नव्हे सर, चार दिवस आधी कळलं होतं. स्वतःची चूक साऱ्या शाळेपुढे सांगणाऱ्या माणसाच्या गौरवग्रंथात हे झाकून ठेवणं मला जमेना.

सर, पंच्याहत्तरी पार केलीत, शंभरीही अशीच ताठ मानेने गाठा. आणि हे वाचून रागवावंसं वाटलं, तर संध्याकाळी सड्यावर या. मी मुलांना तिथून बाजूला पाठवणार नाही. त्यांच्यासमोरच रागवा.